कल्पना कुणाची, खुर्ची कुणाची?

मैत्रिणींनो, समजा घरात मुंज निघाली आहे. जेवणावळीचा घाट कसा घालावा यावर खल चालला आहे, आणि तुम्ही हळूच जाऊबाईंच्या कानावर घालता की, दोन दिवस पंगती उठवण्यापेक्षा एकच दिवस नेटकं जेवण करू या, आदल्या संध्याकाळी घरच्यांपुरता मऊ भात आणि मेतकूट. खर्चही आटोक्यात राहील आणि कुणाची कंबरही मोडायची नाही. जाऊबाई म्हणतात, "नको ग बाई, मामंजींना नाही आवडायचं." तुम्ही गप्प बसता. आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याच जाऊबाई तीच योजना शब्दन्‌शब्द स्वतःची म्हणून मांडतात, नि मामंजी म्हणतात, "वा! डोकं आहे हो!" त्या वेळी हातातला चहाचा ट्रे तुम्ही कसा सावरता, ते तुमचं तुम्हांलाच ठाऊक.

हेच घरात न घडता कचेरीत घडलं तर? तिथे कौतुकाबरोबर पगार असतो, बढती असते, दारावर लागणारी नावाची पाटी असते. 'वर्किंग गर्ल' हा १९८८ सालचा अमेरिकन चित्रपट नेमक्या याच दुखण्यावर बेतलेला आहे. दिग्दर्शक माइक निकोल्स, म्हणजे 'द ग्रॅज्युएट'साठी ऑस्कर मिळवलेले. पटकथा केव्हिन वेड यांची. चित्रपट जुना आहे खरा, पण आता असे चित्रपट घरबसल्या बघायला मिळतात, आणि यातल्या दोन बायकांचं भांडण मला तरी अजिबात जुनं वाटलं नाही.

टेस मॅकगिल ही न्यूयॉर्कमधली सेक्रेटरी. राहायला स्टेटन आयलंडवर, म्हणजे खाडीपलीकडे. रोज सकाळी हजारो माणसांबरोबर बोटीने मॅनहॅटनला यायचं. पंचवीस मिनिटांचा हा प्रवास. चित्रपट सुरू होतो तोच मुळी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती घिरट्या घालत त्या बोटीवर उतरून. (पलीकडे दोन जुळे मनोरे उभे दिसतात. २००१ साली ते पडले. ते बघताना पोटात कालवतंच.) बोटीत टेस आणि तिची मैत्रीण सिन. दोघींचे केस फुगवून फुगवून टोपलीएवढे केलेले, पापण्यांवर रंग, कानांत मोठाली डुलं, पायांत चालायचे कॅनव्हासचे बूट. कचेरीत पोचल्यावर टेबलाखाली बूट काढायचे आणि टाचांचे जोडे चढवायचे. लोकलमधून उतरून स्टेशनवरच्या आरशात टिकली सारखी करणाऱ्या आपल्या बायका आठवतील तुम्हांला.

टेसने पाच वर्षं रात्रीच्या वर्गांना जाऊन पदवी मिळवली आहे, तीही चांगल्या गुणांनी. पण बड्या नावाच्या कॉलेजची ती पदवी नव्हे, बोलणं खाडीपलीकडचं, आणि केस तर ते असे! त्यामुळे बढतीच्या प्रत्येक यादीतून तिचं नाव गळतं. अशात तिची बदली होते एका बाईंच्या हाताखाली. कॅथरिन पार्कर. वयाने टेसहून किंचित लहानच. टेसला वाटतं, चला, बाईच्या हाताखाली काम म्हणजे सुटले. कॅथरिनही पहिल्याच दिवशी गोड बोलून सांगते, आपण दोघी एकमेकींच्या मदतीने पुढे जाऊ, काही सुचलं तर मोकळेपणाने सांग.

आणि टेसला सुचतं. ट्रास्क नावाची बडी कंपनी आहे. तिला परदेशी कंपनीने गिळंकृत करू नये म्हणून दूरचित्रवाणी केंद्र विकत घ्यायचा तिचा विचार चालला आहे. आता यात काय संबंध, म्हणाल. तर अमेरिकेत प्रसारणाचे परवाने परक्या कंपन्यांना सहजासहजी घेता येत नाहीत. १९३४ सालापासून तसा कायदाच आहे. म्हणजे घरात एखादी अशी वस्तू आणून ठेवायची, की तिच्यामुळे बाहेरच्याला घर विकतच घेता येऊ नये. टेस म्हणते, दूरचित्रवाणीच कशाला? रेडिओ घ्या, तो हाताशी आहे. कॅथरिन मान डोलावते, वर विचारून बघते म्हणते, आणि चार दिवसांनी कळवते की जमलं नाही बाई. मग कॅथरिन सुट्टीवर युरोपात जाते, बर्फावर घसरताना पाय मोडून घेते आणि फोनवरून टेसला घराची देखभाल करायला सांगते. त्या घरातल्या कॉम्प्युटरवर टेसला दिसतं, की ती रेडिओची कल्पना बाईंनी कधीच स्वतःच्या नावावर पुढे सरकवली आहे.

इथपर्यंतचा चित्रपट, मैत्रिणींनो, अगदी घट्ट विणीचा. एक टाका सैल नाही. त्याच रात्री टेस घरी जाते तर तिचा मित्र दुसऱ्याच मुलीबरोबर. (ही छोटी भूमिका ॲलेक बाल्डविन यांनी फार मोकळेपणाने केली आहे. वाईट माणूस नाही तो. फक्त आपण काय गमावतोय हे त्याच्या टाळक्यातच शिरत नाही.) एका दिवसात घर आणि कचेरी दोन्हींकडून दार बंद. मग ती केस कापते, कॅथरिनचं कपाट उघडते, कॅथरिनचे कपडे घालते आणि कॅथरिनच्या खुर्चीत बसून स्वतःची कल्पना स्वतःच विकायला निघते.

आता अभिनयाबद्दल सांगते, कारण या चित्रपटाचं खरं धन तेच. मेलनी ग्रिफिथ टेस झाल्या आहेत. यांच्या आई टिपी हेड्रन, हिचकॉकच्या 'द बर्ड्‌स'ची नायिका. मेलनी यांचा आवाज बारीक, लहान मुलीसारखा. सुरुवातीला वाटतं, या आवाजात कचेरीचं काम कसं काय व्हायचं? पण तिथेच तर गोम आहे. टेसला लोक पोर समजतात ते या आवाजामुळेच, आणि ती मात्र त्याच आवाजात हिशेब बिनचूक मांडते. कॅथरिनच्या आवाजाची फीत लावून तिच्यासारखं बोलायचा सराव करते, तो प्रसंग बघा. हसू येतं, आणि मग थोडं वाईटही वाटतं. शहरात लग्न करून आलेल्या कितीजणींनी आपली 'न' आणि 'ण' अशीच गुपचूप सुधारून घेतली आहेत! सासरच्यांसारखं बोलू लागलो की आपण कुणीतरी झालो, असं वाटण्यातलं सुख आणि लाज दोन्ही त्या चेहऱ्यावर आहेत.

कॅथरिनच्या भूमिकेत सिगर्नी वीव्हर. 'एलियन'मध्ये अंतराळातल्या राक्षसाशी लढलेली उंच, ताठ बाई ती हीच. यांनी कॅथरिन रागीट किंवा खाष्ट केली नाही, ही त्यांची कमाल. ती कायम गोड आहे. टेसला कपडे कसे घालावेत ते शिकवते, दागिने जरा कमी कर म्हणते, आणि स्वतः दिलेल्या मेजवानीत त्याच टेसला खाद्यपदार्थांची गाडी ढकलत फिरायला लावते. आवाज एकदाही चढत नाही. खाली दाबण्यासाठी खांद्यावर मायेने हात ठेवावा, तशी ही बाई. अशी एखादी तुमच्या आमच्या माहितीत असते, शाळेच्या शिक्षकखोलीत असते, महिला मंडळात तर हमखास असते. वीव्हर यांना त्या वर्षी दोन चित्रपटांसाठी दोन ऑस्कर नामांकनं होती, दोन्ही हुकली. गोल्डन ग्लोब मात्र एकाच रात्री दोन्ही मिळाले.

आणि सिन! जोन क्युझॅक यांची ही मैत्रीण चित्रपटात थोडाच वेळ आहे, पण आली की पडदा उजळतो. टेसच्या बेतांची तिला भीती वाटते. ती सरळ सांगते, घरात एकटी असताना मीही गाते नि नाचते, म्हणून मी कुणी मोठी गायिका होणार नाही, कधीच नाही. हे ती मत्सराने म्हणत नाही. मैत्रीण खाडीपलीकडे कायमची निघून जाईल, अशी धास्ती आहे तिला. मला विचाराल तर सबंध चित्रपटातलं सगळ्यांत खरं वाक्य तेच. आणि तरीही वेळ आली तेव्हा टेसची खोटी सेक्रेटरी बनून हीच उभी राहते.

मग बिघडलं कुठे? टेसने सोंग घेतलं आणि कथेची पकड सुटली. स्वेटरची पाठ सुरेख विणावी आणि बाह्या जोडताना टाके गळावेत, तसं झालं आहे. एवढ्या मोठ्या कचेरीत कॅथरिन नसताना तिच्या खोलीत सेक्रेटरी बसते, बैठका घेते, आणि कुणी विचारत नाही? मध्ये हॅरिसन फोर्ड येतात, जॅक ट्रेनर होऊन. माणूस देखणा, स्वभावाने बरा. काचेच्या खोलीत तो शर्ट बदलतो आणि बाहेर बसलेल्या बायका टाळ्या वाजवतात, तो प्रसंग फक्कड आहे. नेहमी बघणारे पुरुष असतात ना, इथे फिरवलं आहे. पण त्याच्या आणि टेसच्या प्रेमप्रकरणाला कथा इतकी जागा देते, की धंद्याची गोष्ट मागे पडते. बोलावणं नसताना ट्रास्कच्या मुलीच्या लग्नात दोघं घुसतात, तो भाग हसवतो. पण मघापर्यंत जी बाई अकलेने पुढे चालली होती ती आता नशिबाने चालते आहे, असं वाटायला लागतं. वर जॅक हा कॅथरिनचाच मित्र निघतो. ते नातं मोडायचं त्याच्या मनात असतं म्हणे, पण बोलायला तोंड कुठे उघडतंय! एवढं लपवूनही शेवटी त्याला कुणी एका शब्दाने बोलत नाही.

इथे मला कथाकाराशी थोडं भांडायचं आहे. टेसवर अन्याय करणारे पहिल्या अर्ध्या तासात बरेच पुरुष आहेत. एक साहेब नोकरीची मुलाखत म्हणून तिला भलत्याच माणसाच्या गाडीत बसवून देतो, आणि तो माणूस काय हेतूने आला आहे ते तिला गाडीत बसल्यावर कळतं. टेस त्या साहेबाची फजिती करते, झकास करते, पण ते तेवढंच. बदली तिचीच होते. कडेलोट मात्र कुणाचा? कॅथरिनचा. तिने चोरी केली, तिला शिक्षा व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण चारचौघांत तिच्या अंगावरून शेरे मारून तिला हाकलून द्यायचं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला खटकलं. बाईला बाईच शत्रू, ही समजूत आपल्याकडे सासूसुनेच्या रूपाने घरोघरी मुक्कामाला आहेच. तिला न्यूयॉर्कहून आणखी पाहुणी आणायची गरज नव्हती.

त्या गाडीच्या प्रसंगावरून एक सांगून ठेवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या दोनच वर्षं आधी, कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा स्त्री म्हणून केलेला भेदभावच आहे असा निकाल दिला होता. आपल्याकडे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तुमची लेक, सून किंवा भाची नोकरीवर रुजू होणार असेल, तर तिच्या डब्याची चौकशी करताना ही समिती कुठे बसते तेही विचारायला सांगा.

दुसरं भांडण टेसशीच. तिने खोटं बोलावं की नाही? दुसरीचे कपडे, दुसरीचं घर, दुसरीची खुर्ची. कल्पना तिची होती, पण बाकीचं सगळं उसनं, तेही न विचारता. चित्रपट हा प्रश्न हसण्यावारी नेतो. पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या अशा थाटात कॅथरिन बैठकीत घुसते आणि ही तर माझी सेक्रेटरी म्हणून सांगते. त्या क्षणी टेस गप्प होते, माफी मागून निघून जाते. तिला ठाऊक असतं, इथे आपलं कुणी ऐकणार नाही. तसंच होतं. सुटाबुटातल्या सगळ्या पुरुषांना कॅथरिनचं पटतं, कारण तिचे कपडे तिचे स्वतःचे असतात! हा प्रसंग लिहिणाऱ्याला सगळं कळत होतं. मग मधला तासभर तो कुठे होता?

पण थांबा, पुढचा भाग वाचल्याशिवाय पान उलटू नका, कारण विसकटलेली वीण इथे सावरली जाते. टेस आपलं सामान न्यायला परत येते. लिफ्टपाशी सगळे भेटतात. म्हातारा ट्रास्क तिला विचारतो, रेडिओचं तुला सुचलं कसं? टेसकडे कात्रणं आहेत. एक धंद्याच्या मासिकातलं, ट्रास्क कंपनी प्रसारणाच्या क्षेत्रात शिरू पाहते आहे असं. दुसरं वर्तमानपत्राच्या उखाळ्यापाखाळ्यांच्या पानावरचं: ट्रास्कच्या मुलीची बातमी, आणि तिच्या शेजारीच रेडिओवरच्या एका माणसाची. दोन बातम्या शेजारी शेजारी दिसल्या आणि डोक्यात ठिणगी पडली: ट्रास्क, रेडिओ. बस्स. मग कॅथरिनला तोच प्रश्न विचारला जातो. तुम्हांला सुचलं कसं? आणि कॅथरिनला उत्तर येत नाही.

हे मला फार आवडलं. आपल्या बायकांच्या वाचनाला नेहमी नावं ठेवली जातात. काय ती लग्नाबिग्नांची पानं वाचत बसता! टेसला त्याच पानाने तारलं. आणि चोरी पकडायची रीत तर आपल्या स्वयंपाकघरातलीच. एखादीने तुमची पाककृती स्पर्धेत स्वतःची म्हणून दिली, तर भांडत बसू नका. एवढंच विचारा, पाकात लिंबू का पिळलंत? जिने केलं आहे ती सांगेल, साखर परत खडीसारखी जमू नये म्हणून. जिने उतरवून घेतलं आहे ती म्हणेल, चवीला.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, घरी बसून डब्यांचा किंवा शिवणकामाचा धंदा चालवणाऱ्या मैत्रिणींनी टेसची कात्रणांची सवय उचलावी. सुचलेलं तारखेनिशी वहीत टिपून ठेवावं. वरिष्ठांना काही सुचवायचं तर तोंडी सांगून झाल्यावर दोन ओळी लिहूनही पाठवाव्यात, आणि आपल्याजवळ एक प्रत ठेवावी. यात संशयीपणा काही नाही. दूधवाल्याचं खातं आपण लिहितोच की! टेसने सुरुवातीलाच एक चिठ्ठी लिहिली असती तर तिला परक्या कपाटात शिरावंच लागलं नसतं. (मग चित्रपटही अर्ध्या तासात संपला असता म्हणा.)

या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकनं होती. त्यांपैकी एकच पदरात पडलं, कार्ली सायमन यांच्या गाण्याला. ते गाणं बोटीच्या दृश्यावर सुरू होतं आणि शेवटाला पुन्हा येतं. शब्द कळले नाहीत तरी अंगावर काटा येतो. पुढे १९९० साली याच कथेवरून तिकडे दूरचित्रवाणी मालिका निघाली, सँड्रा बुलक टेस झाल्या होत्या, पण ती फार टिकली नाही.

बघायचा कुणाबरोबर, हेही विचाराल म्हणून सांगते. एकदोन प्रसंग उघडेवाघडे आहेत आणि भाषा अधूनमधून शिवराळ, तेव्हा शाळकरी मुलं आणि सासरे झोपल्यावरच लावा. मैत्रिणींबरोबर बघायला उत्तम. यजमानांबरोबर बघितलात तर एक जागा दाखवायला विसरू नका: टेस नव्या नोकरीवर निघते तेव्हा हॅरिसन फोर्ड पहाटे उठून तिचा डबा भरून देतात, शाळेत निघालेल्या पोरीला द्यावा तसा. आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असं घडत असेल तर मला जरूर कळवा.

आणि त्या नव्या कचेरीत टेस पोचते तेव्हा, खोलीत एक बाई फोनवर बोलत बसलेली बघून, ती बाहेरच्या टेबलापाशी जाऊन बसते. तिला वाटतं, खोली त्या बाईंची आणि आपण पुन्हा सेक्रेटरी. इतक्या वर्षांची सवय! कळतं तेव्हा उलटंच असतं. मग ती त्या बाईला सांगते की मला टेस म्हण, आणि कॉफी तू स्वतःसाठी आणायला निघालीस तरच माझ्यासाठी आण. दार लावून घेते आणि पहिला फोन करते तो सिनला. तिकडे सगळ्या सेक्रेटऱ्या आनंदाने ओरडायला लागतात. कॅमेरा मात्र टेसच्या खिडकीतून बाहेर सरकतो, मागे मागे जातो, आणि बघता बघता तिची खिडकी हजारो सारख्या खिडक्यांत शोधूनही सापडत नाही. निकोल्स यांनी तिला बक्षीस दिलं की एका पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत बसवलं, यावर आमच्या घरी दोन मतं पडली आहेत. चित्रपट पुऱ्या दोन तासांचाही नाही. रात्री नऊला लावलात तर अकराच्या आत संपेल, फक्त त्या खिडकीआधी दूध विरजायला उठू नका.